ढब्बूचं पथ्य

३ मार्च, सोमवार

ही आज बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. चार आठवडे. जाताना दोन सुटकेस, सगळे लोकरीचे कपडे आणि शिलाई मशीन घेऊन गेली. चार आठवड्यांसाठी शिलाई मशीन कशाला, असं मी विचारलं. बहिणीचे पडदे शिवायचेत म्हणाली. ठीक आहे. बायकांचं पॅकिंग हा वादाचा विषय नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो.

ढब्बूला माझ्याकडे ठेवून गेली. बहीण कुबड्यांवर चालणार, कुत्रं पायात आलं तर दुसराही गुडघा जायचा. खाली टॅक्सीपाशी हिने वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मला 'लवकर नेते हं तुला' असं ऐकू आलं. 'येते' म्हणाली असणार. टॅक्सीचं इंजिन चालू होतं.

मग मला सूचना. ढब्बूला कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कॉफी, च्युइंगगम यातलं काही म्हणजे काही द्यायचं नाही. आपल्याला चालतं ते त्याला विष असतं. त्याचं खाणं डब्यात आहे. मी म्हणालो, समजलं. ती म्हणाली, काय समजलं ते सांगा. मी म्हणालो, डब्यात आहे. ती टॅक्सीत बसली.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठणे. ढब्बूला शिस्त लावणे. हे कुत्रं दहा वर्षं या घरात राहतंय, आणि अजून मी आलो की शेपूट हलवत नाही. नुसतं बघतं. दुसऱ्या डिपार्टमेंटच्या साहेबाकडे शिपाई बघतो तसं. ही परत येईपर्यंत तो माझा झालेला असेल. तिला धक्काच बसेल.

४ मार्च, मंगळवार

पहाटे उठलो नाही. रोज ही उठवायची, त्यामुळे गजर लावायची सवय नाही.

ढब्बू दाराशी बसून आहे. डब्यातल्या गोळ्यांना तोंड लावलेलं नाही. तपकिरी, खडबडीत गोळ्या. मी एक खाऊन पाहिली. त्याचं काही चुकत नाही.

संध्याकाळी भरपूर कांदा घालून ऑम्लेट केलं. वासाने स्वारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. मी एक तुकडा टाकला. शेपूट हलली! मग आणखी एक. पुन्हा हलली.

कांद्याबद्दल हिने बजावलं होतं ते लक्षात होतं. पण कांदा शिजलेला होता. शिजल्यावर कांद्यात उरतं काय? शिवाय मी लहान असताना गल्लीतली कुत्री लोकांच्या घरचं उरलंसुरलं सगळं खायची आणि मजेत जगायची. किती जगायची ते कुणी बघत नव्हतं, हा भाग वेगळा. असली माहिती ही मोबाइलवर वाचते. मोबाइलवर मीही एकदा वाचलं होतं की उभं राहून पाणी प्यायलं की गुडघे जातात. मेहुणी तर कायम बसून प्यायची.

६ मार्च, गुरुवार

प्रगती उत्तम. आज मी दार उघडल्यावर ढब्बू उठून उभा राहिला.

ऑफिसात एका बाईंचा मिक्सर. झाकण लावलं तरी चालत नाही आणि काढलं तरी थांबत नाही. संध्याकाळच्या आत प्रकरण मिटवलं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही. पण आजवर माझ्या टेबलावर एकही तक्रार उघडी राहिलेली नाही. त्याचं एक तंत्र आहे. समोरच्याला बोलू द्यायचं, मधे मधे 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचं, आणि शेवटी कागदावर 'निवारण झाले' असं लिहायचं. हे तंत्र मी घरीही वापरतो. त्यामुळे आमच्या घरात भांडण असं कधी झालंच नाही.

ढब्बूला कांद्याची भजी आवडत नाहीत, हे आज कळलं. आतला कांदा आवडतो.

९ मार्च, रविवार

हिचा फोन. ढब्बू कसा आहे, असं विचारलं. मग ढब्बू काय खातो. मग ढब्बूला फिरवता का. पायाचं नख वाढलंय का. मी सगळ्याची समाधानकारक उत्तरं दिली. काय खातो, यावर 'आनंदाने खातो' असं सांगितलं. यात एक अक्षर खोटं नाही. माझ्याबद्दल विचारायची वेळ आली तेव्हा बहुधा तिकडची रेंज गेली.

शुक्रवारी ऑफिसात एकाच्या निरोपाचा केक होता. उरलेला घरी आणला होता, तो आज दोघांनी मिळून संपवला. त्याच्या वाटच्या तुकड्यातल्या मनुका मी वेचून काढल्या. सापडल्या तेवढ्या. केकमध्ये मनुका किती खोलवर असतात हे वरून कळत नाही. काही झालं नाही. म्हणजे वाचलेलं सगळं खोटं, हे सिद्ध झालं.

१३ मार्च, गुरुवार

आता आम्ही एकत्र जेवतो. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर तो बसतो. पुढचे पाय टेबलावर ठेवायचे नाहीत, हा नियम मी घालून दिला आहे आणि तो कधीकधी पाळतो. आज पाकिटातलं कांद्याचं सूप आणि ब्रेड. सूप त्याला बशीत गार करून. हल्ली रोज हेच असतं, कारण करायला सोपं आणि दोघांनाही आवडतं.

समोर कुणीतरी असलं की माणूस नीट बसून जेवतो. पहिले दोन दिवस मी ओट्यापाशी उभ्यानेच खात होतो, वेळ वाचावा म्हणून. वाचलेल्या वेळाचं काय केलं ते आठवत नाही.

जेवताना मी त्याला ऑफिसातलं सांगतो. आज इस्त्रीचं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. मधे उठून गॅस पुसायला गेला नाही.

लेकीचा फोन आला होता. बाबा, आई तुमच्याशी बोलली का, असं विचारत होती. बोलली की, रविवारी. नीट बोलली का? मी म्हणालो, रेंज नव्हती गं. त्यावर बराच वेळ गप्प. पोरीला हल्ली फोनवर गप्प बसायची सवय लागली आहे. कामाचा ताण असणार. मी तिला सांगितलं, झोप पूर्ण घेत जा.

१७ मार्च, सोमवार

ट्रेनिंगचा परिणाम दिसू लागला. ढब्बू किती शांत झालाय! पेपरवाल्यावर भुंकला नाही. मांजरीकडे पाहिलंसुद्धा नाही. फिरायला नेलं तर कोपऱ्यापर्यंत येऊन बसला आणि मग मला घरी घेऊन आला. उगाच धावाधाव नाही, हावरटपणा नाही. आज सूपही अर्धंच प्यायला.

माझा स्वभाव लागला त्याला. दोन आठवड्यांत. हिला दहा वर्षांत जे जमलं नाही ते.

१९ मार्च, बुधवार

सकाळी ढब्बू उठला नाही. हाक मारली तर डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. रात्री त्याने जागेवरच शू केली होती. कोऱ्या चहाच्या रंगाची. ओठ वर करून पाहिलं, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

चादरीत गुंडाळून खाली नेला. पहिला टॅक्सीवाला कुत्रं म्हणून थांबला नाही. दुसरा थांबला. एवढा ढब्बू, पण मांडीवर काही वजनच लागत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाई आहेत. केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी विचारलं, काय खायला घालता? मी म्हणालो, त्याचं डब्यातलं खाणं. दुसरं? दुसरं काही नाही. आपोआपच असा झालाय.

हे मी बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. ऑफिसात मला रोज लोक हेच सांगतात. साहेब, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला. आणि मिक्सर उघडला की आत चमचा निघतो.

त्यांनी पेन्सिल काढली आणि पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मला तुम्हाला रागवायचं नाहीये, मला औषध ठरवायचंय. तुम्ही खरं सांगितलंत तर तेवढा वेळ वाचेल, आणि त्याच्याकडे तो फार नाहीये.

मी सांगितलं. ऑम्लेट. भजी. सूप. रोज? रोज. केकसुद्धा सांगितला. मनुका वेचल्या होत्या हेही सांगितलं. तोपर्यंत त्या लिहायच्या थांबल्या होत्या.

कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात म्हणे. कच्चा असो, शिजलेला असो, वाळवून पूड केलेला असो. सूपच्या पाकिटात तीच पूड असते. एका दिवसात काही दिसत नाही, रोज थोडा थोडा गेला की आतल्या आत रक्त संपत जातं. आणि शांत झाला, शांत झाला म्हणून माणसं खूश होतात. हे शेवटचं त्या माझ्याबद्दल बोलल्या नसाव्यात. मी तसं काही सांगितलं नव्हतं.

ढब्बू तिथेच आहे. सलाइन लावलंय. घरी आलो. सूपची पाकिटं कचऱ्यात टाकली. जेवलो नाही. भूक नव्हती.

२० मार्च, गुरुवार

रजा टाकली. दवाखान्यातल्या बाकावर बसलो.

फाइलवर हिचाच नंबर आहे, त्यामुळे डॉक्टरांनी तिला कळवलं. मी आजच सांगणार होतो. तिचा फोन आला. मला वाटलं आता बोलेल, आणि मी तयार होतो. ती एवढंच म्हणाली, किती दिवस देत होतात? मी म्हणालो, चवीपुरताच. मग तिने फोन कुठेतरी ठेवून दिला, पण बंद केला नाही. मला मेहुणीच्या घरातला पंखा ऐकू येत होता. बेअरिंग गेलंय त्याचं.

थोड्या वेळाने तिने फोन उचलला, नाक ओढलं आणि म्हणाली, त्याच्याजवळ बसा. एकटा ठेवू नका त्याला.

२१ मार्च, शुक्रवार

बसलो.

रक्ताचा आकडा आणखी खाली गेला तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल, डॉक्टर म्हणाल्या. आकडा खाली गेला नाही. वरही आला नाही. पिंजऱ्याच्या जाळीतून बोट आत घातलं तर त्याने चाटलं. माझंच बोट.

हिचे तीन फोन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गेल्या वर्षभरात मिळून आम्ही एवढं बोललो नसू.

२४ मार्च, सोमवार

ढब्बू घरी. आकडा चढतोय. पायऱ्या मी त्याला उचलून चढलो. मूत्रपिंडं वाचली, हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाल्या. मनुकांनी कुणाचं किती बिघडेल ते कुणालाच सांगता येत नाही म्हणे. एखादं कुत्रं मूठभर खाऊन धावतं आणि एखादं चार खाऊन जातं.

स्वयंपाकघर साफ केलं. कांदे, लसूण, मनुका, कॉफी, चॉकलेट, सगळं पिशवीत भरून ऑफिसात नेलं आणि वाटून टाकलं. लोकांना वाटलं मला प्रमोशन मिळालं.

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य: मऊ भात, उकडलेला लाल भोपळा, थोडं चिकन. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. दोन-दोन स्वयंपाक कोण करत बसणार? एकच पातेलं लावतो आणि दोघं तेच खातो. पहिल्या घासाला जरा जड गेलं. पण मीठ ही निव्वळ सवय आहे. बोटांची सूज उतरल्यासारखी वाटते. मुळात होती की नाही ते बघितलं नव्हतं.

हिला फोनवर पथ्याचं सगळं सविस्तर सांगितलं. तिने भोपळा किती वेळ उकडता, असं विचारलं. भोपळ्यावर आम्ही बराच वेळ बोललो. फार बरं वाटलं. ढब्बूला, म्हणजे.

२९ मार्च, शनिवार

ढब्बूने पेपरवाल्यावर भुंकून दाखवलं. मी पेपरवाल्याचे आभार मानले.

हिचा फोन काल नाही. आजही नाही. परवा एक, तोही भांडी घासता घासता.

३१ मार्च, सोमवार

चार आठवडे पूर्ण.

लेकीने एक फोटो पाठवलाय. तळ्याकाठी दोघी बहिणी, डोक्यावर टोप्या, हातात आइस्क्रीम. मेहुणीच्या हातात कुबड्या नाहीत. ऑपरेशन उत्तम झालेलं दिसतं. ही हसतेय. हा फोटो जुना असावा असं आधी वाटलं, पण टोपी नवी आहे.

मी फोन केला. कधी निघतेस? ती म्हणाली, अजून काही ठरलेलं नाही. म्हणजे ठरलं की येणारच. मी घाई केली नाही. फोन ठेवताना तिने ढब्बूला फोनपाशी धरायला सांगितलं आणि त्याच्याशी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. कान ढब्बूचा होता.

४ एप्रिल, शुक्रवार

आज मीच फोन केला. ढब्बू जरा सुस्त वाटतोय, असं म्हणालो. तसं पाहिलं तर जेवणानंतर तासभर सुस्त होताच. लगेच आवाज बदलला तिचा. हिरड्या बघा म्हणाली. बघितल्या. गुलाबी, पण मी 'तशाच आहेत' म्हणालो. हेही खरंच आहे. तासाभराने तिचा पुन्हा फोन. मग झोपण्याआधी पुन्हा एक.

फॉलो-अप चांगला आहे तिचा. आमच्याकडे अशी माणसं मिळत नाहीत.

७ एप्रिल, सोमवार

आज त्याने उलटी केली, असं सांगितलं.

केली नव्हती. पण आजारी कुत्र्याच्या बाबतीत आधीच सावध केलेलं बरं, या भावनेने सांगितलं.

 ती म्हणाली, मी रविवारी येते.

येते! तीन शब्दांत. मी विचारलंसुद्धा नव्हतं. शेवटी घराची ओढ ही घराची ओढ असते. मी ढब्बूला उचलून खोलीभर फिरवलं. त्याने माझा चष्मा चाटला.

१० एप्रिल, गुरुवार

तयारी जोरात. खिडक्या पुसल्या. कपाटात तिचा कप्पा मोकळा केला. तसा तो मोकळाच होता. हँगर एका रांगेत लावले.

बाल्कनीच्या दाराची कडी दुरुस्त केली. ती लागत नाही, थंडीत रात्रभर वारा येतो, असं ही म्हणायची. किती वर्षांपासून ते नक्की आठवत नाही, पण 'बरोबर आहे तुझं' असं मी दरवेळी म्हणाल्याचं आठवतं. दोन स्क्रू लागले. एवढंच होतं. मी बराच वेळ ती कडी लावून, काढून बघत होतो.

१२ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ

अडचण आहे. पेशंट फार ठणठणीत आहे.

आज त्याने सोफ्यावरून उडी मारून उशी फाडली आणि तोंडात धरून घरभर मिरवली. डोळ्यांत चमक, नाक ओलं, वजन वाढलेलं. उद्या ही दारात उभी राहणार आणि हा तिच्या छातीवर झेप घेणार. मग उलटी, सुस्ती यांचं काय? ही म्हणेल, बरा आहे ना, झालं तर मग. आणि उलट्या पावली निघाली तर?

जरासा नरम असता तर ती चार दिवस राहिली असती. चार दिवस राहिली की माणूस पुढेही राहतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मनुकांचं छोटं पाकीट. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. चार तळहातावर घेतल्या. चारच. मूठभर खाऊन धावणारी कुत्री असतात, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं आहे.

ढब्बू आला. समोर बसला. आजारपणानंतर मी त्याला एक शिकवलंय, मी 'घे' म्हणेपर्यंत कशाला तोंड लावायचं नाही. हाताकडे त्याने एकदाच पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शेपटीने फरशी झाडत होता. हा माणूस जे देईल ते चांगलंच असणार, असा त्याचा चेहरा.

मनुका मी खाल्ल्या. गोड होत्या. पाकीट घरातल्या कचऱ्यात टाकलं नाही, खाली जाऊन रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत टाकून आलो. हात साबणाने धुतला, मग पुन्हा धुतला.

त्याची शिस्त पक्की झाली आहे की नाही, हे तपासायचं होतं. तो पास झाला.

१३ एप्रिल, रविवार

आली. लेकीच्या गाडीतून, लेकीबरोबर. केस कापलेत. बरे दिसतात. मी सांगणार होतो, पण तोवर ढब्बूने तिला जवळजवळ पाडलंच.

जमिनीवर बसून तिने त्याला नीट तपासलं. हिरड्या, डोळे, कान, पोट. मग वर न बघता विचारलं, उलटी कधी झाली म्हणालात? मी म्हणालो, सोमवारी. ती म्हणाली, मंगळवारी मी डॉक्टरांना फोन केला होता. सोमवारी सकाळीच तुम्ही त्याला तपासायला नेलं होतं, आणि तो एकदम बरा आहे म्हणाल्या.

मला राग येईल असं वाटलं होतं, म्हणजे तिला. पण ती रागावली नाही. पूर्वी रागवायची.

मग फ्रीज उघडून उभी राहिली. आत पातेलं आणि दूध. काय खाता, असं विचारलं. मी सांगितलं, मऊ भात, भोपळा वीस मिनिटं उकडून, चिकन बिनहाडाचं, मीठ अजिबात नाही. ती म्हणाली, ढब्बूचं नाही, तुमचं विचारतेय. मी म्हणालो, माझंच सांगतोय.

ती फ्रीजचं दार धरून तशीच उभी राहिली. लेक खिडकीतून बाहेर बघत होती. फ्रीज घरघरायला लागला, तेव्हा हिने दार लावलं.

बसून बोलली. बहिणीच्या गल्लीतच तिने दोन खोल्या घेतल्या आहेत. शिवणाचं काम मिळतंय. खाली छोटं अंगण आहे, घरमालकिणीला कुत्रं चालतं. मी विचारलं, किती दिवसांसाठी?  लेक म्हणाली, बाबा.  मी म्हणालो, काही त्रास असेल तर सांग ना, आपण बघू. ही म्हणाली, सांगून झालं हो सगळं. खूप वर्षं सांगत होते.

बाल्कनीची कडी दाखवली. लावून बघितली तिने. छान झालीय म्हणाली. खरंच म्हणाली.

ढब्बूची चादर, वाडगा, पट्टा, औषधं. सगळं एका पिशवीत मावलं. गाडीचं दार उघडून हिने हाक मारली. ढब्बू दारापर्यंत गेला आणि थांबला. वळून माझ्या तोंडाकडे बघत बसला. हिने पुन्हा हाक मारली. हलेना.

मी म्हणालो, जा.

गेला. माझं सगळं ऐकतो तो.

१६ एप्रिल, बुधवार

ऑफिसात दवाखान्यातल्या मुलीचा फोन. ढब्बूच्या रक्ताची शेवटची तपासणी राहिली आहे, कधी आणताय? मी म्हणालो, तो बाहेरगावी गेलाय. परत कधी येणार, म्हणजे तशी वेळ देते, असं म्हणाली. पुढच्या आठवड्यात, असं तोंडावर आलं होतं. गेला महिना-दीड महिना ऑफिसात, शेजारी, पेपरवाल्याला, सगळ्यांना मी तेच सांगत होतो.

नाही येणार, म्हणालो. दोघंही.

ती म्हणाली, दोघं कोण? आमच्याकडे एकच कुत्रा आहे या नावावर. मी म्हणालो, एकच आहे. तिकडच्या डॉक्टरांसाठी कागद पाठवून द्या. लेकीने लिहून दिलेला पत्ता सांगितला. पत्ता पाठ होता, हे सांगताना लक्षात आलं.

घरी येताना दुकानात गेलो. आता काहीही नेता येतं. कुठल्या फळीवरचं काहीही. टोपली घेऊन सगळ्या रांगांतून हिंडलो आणि रिकामी टोपली घेऊन गल्ल्यापाशी आलो. दुकानदाराने विचारलं, काय देऊ? मला काय आवडतं ते आठवेना.

मागे माणसं खोळंबली होती, म्हणून मीठ घेतलं. घरी येऊन पाहिलं तर मीठ होतंच.